मांजराचा पुढचा पाय व शल्यविद्येचा इतिहास

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास लिहिणे ही आपल्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते. मोडलेल्या हाडांचा इतिहास लिहिणारास मात्र वैद्यांच्या पंगतीत नेऊन बसविले जाते. त्यातून ते हाड मनुष्याचे नसून मांजराचे असले, तर लेखकाच्या शहाणपणाविषयीच शंका घेतली जाण्याचा संभव. तरीही प्रस्तुत लेखकास असे वाटते की, एखाद्या समाजाने कोणकोणत्या प्राण्यांची हाडे सांधण्याची विद्या मिळविली, कोणत्या क्रमाने मिळविली आणि कोणास रांगेच्या शेवटी ताटकळत ठेवले, हे पाहिले असता त्या समाजाच्या गरजा, त्याचा पैसा आणि त्याची भूतदया या तिहींचा हिशेब एकाच खतावणीत सापडतो. ह्या रांगेत मांजर जवळजवळ सर्वांच्या मागे उभे होते. ते पुढे कसे आले, याचा हा थोडक्यात वृत्तान्त आहे.

आपल्या देशात पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे, याविषयी वाद नाही. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य आणि पशू अशा दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. त्याच्या शिलालेखमालेतील आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस आपल्याच उत्तर कोकणातील सोपारे येथे सापडला. म्हणजे त्या राजाची वाणी ह्या किनाऱ्यापर्यंत पोचली होती. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यक प्रसिद्ध आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. कल्याणीच्या चालुक्यवंशातील सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासातही हत्तीघोड्यांच्या निगराणीस ऐसपैस जागा मिळाली आहे. हत्ती आणि घोडा ही सेनेची अंगे, गाय आणि बैल हे शेतीचे व यज्ञाचे आधार. त्यांच्यासाठी शास्त्रे निर्माण झाली, हे स्वाभाविकच होते. मार्जारवैद्यक नावाचे शास्त्र मात्र कोणी ऋषीने सांगितल्याचे प्रसिद्ध नाही.

याचा अर्थ मांजराकडे कोणाचेच लक्ष नव्हते असा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात उंदरांचा उपद्रव झाला असता मांजरे व मुंगसे सोडावीत असे सांगून, त्यांस पकडणारास अथवा इजा करणारास बारा पणांचा दंड ठरविला आहे. स्मृतिग्रंथांत मार्जारवधास प्रायश्चित्त आहे. आणि मांजर मारल्यास सोन्याचे मांजर करून काशीस वाहावे लागते, ही समजूत आमच्या कोकणातील घरोघर अजून ऐकू येते. थोडक्यात, मांजरास मारू नये, हे दंडनीतीने सांगितले व धर्मानेही सांगितले. परंतु मांजराचा पाय मोडला तर तो सांधावा, असे दोघांपैकी कोणीच सांगितले नाही. न मारणे आणि बरे करणे ह्या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

मनुष्याच्या हाडांविषयी मात्र सुश्रुताने जे लिहिले आहे, ते आजही आदराने वाचण्यासारखे आहे. सांध्यांतून हाड निखळण्याचे सहा प्रकार व हाड मोडण्याचे बारा प्रकार त्याने वर्णिले आहेत. मोडलेले हाड ताणावे, दाबून जागेवर आणावे, आणि मग वड, पिंपळ, उंबर, पळस इत्यादिकांच्या साली किंवा बांबू यांच्या पट्ट्या लावून बांधावे, असा त्याचा क्रम आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळला तर सूज व वेदना होतात, हे तो बजावतो. थंडीत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा, इतका बारकावा त्यात आहे. परंतु सर्वांत लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. तळहाताचा भंग बरा होऊ लागला म्हणजे रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, मग सैंधवाचा खडा धरावा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असे तो सांगतो. हाड जुळले म्हणजे काम संपले असे त्यास वाटत नव्हते. सांधा पुन्हा चालू झाला पाहिजे, ही त्याची कसोटी होती. मांजराच्या पायाची सारी आधुनिक शस्त्रक्रिया ह्या एका कसोटीभोवती फिरते, हे पुढे दिसून येईल.

आता मांजराचा पुढचा पाय म्हणजे काय वस्तू आहे, ते पाहू. घोड्याचा पुढचा पाय हा खांब आहे. धावणे आणि भार वाहणे ही त्याची कामे. त्याच्या कोपराखालच्या दोन हाडांपैकी मागचे हाड पुढच्यास चिकटून गेलेले असते. मांजराचा पुढचा पाय हा अर्धा पाय आणि अर्धा हात आहे. त्याच्या कोपराखाली रेडियस व अल्ना ही दोन हाडे मोकळी असतात आणि एक दुसऱ्याभोवती फिरते; म्हणूनच मांजर पंजा आत वळवून तोंड पुसू शकते, उंदीर धरू शकते व माडाच्या खोडास मिठी मारून वर चढू शकते. हा फिरण्याचा गुण कुत्र्यात पुष्कळ कमी असतो. मांजराचे कोपर मिटले असता सुमारे २० अंशांपर्यंत येते व उघडले असता सुमारे १६० अंशांपर्यंत जाते. इतकी चाल ज्या सांध्यास लागते, त्यातील थोडी जरी गेली तरी प्राण्याच्या जीवनात उणीव येते. खांद्यापाशी असलेले जत्रुक, म्हणजे गळ्याजवळचे आडवे हाड, मांजरात एका लहानशा कांडीएवढेच उरले असून ते स्नायूंत लोंबकळत असते. खांदा धडास हाडाने जोडलेला नसून केवळ स्नायूंनी बांधलेला असतो. त्यामुळे डोके शिरेल त्या फटीतून मांजर सहसा अंग काढून घेते. आणि उंचावरून पडताना पुढच्या पायांवर येणारा धक्काही ह्या स्नायूंच्या झोपाळ्यात पुष्कळसा विरतो. पडणाऱ्या मांजराची हवेतली कोलांटी फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे याने १८९४ साली छायाचित्रांच्या मालिकेने जगास दाखविली, तेव्हा पॅरिसच्या विद्वत्सभेत मोठाच कुतूहलाचा विषय झाला होता.

आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. मांजराच्या दंडाच्या हाडात, कोपराच्या आतल्या अंगास, एक लहानसे छिद्र असते, व त्यातून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. मनुष्यात अशी रचना सहसा नसते, कुत्र्यातही नसते. मनुष्याची अथवा कुत्र्याची शस्त्रक्रिया शिकलेल्या हाताने मांजराच्या दंडात खिळा घातला, तर ह्या ठिकाणी घात होण्याचा संभव. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे पशुशल्यज्ञांस फार उशिरा उमगले. त्याची साक्ष हे छिद्र देते.

पशुवैद्यकाची आधुनिक विद्यालये युरोपात जन्मास आली, तीही गाईगुरांच्या साथी व फौजेचे घोडे ह्यांच्या निमित्ताने. क्लोद बूर्झला याच्या खटपटीने फ्रान्समधील ल्यों येथे १७६१ साली पहिल्या विद्यालयास मंजुरी मिळाली. लंडनचे विद्यालय १७९१ साली निघाले. आमच्या मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, आणि त्याच साली प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारी मंडळीही स्थापन झाली, हा योग अर्थपूर्ण आहे. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई प्राणि-रुग्णालय उभे राहिले; ते १८८४ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते उघडले गेले. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, व जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. ह्या विद्वान गृहस्थाने बैल, उंट, हत्ती इत्यादी प्राण्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिले आणि १८९१ साली मुंबईतच देह ठेवला. ह्या ग्रंथविषयांवरूनच त्या काळी देशास कोणत्या प्राण्यांची काळजी होती, हे कळून येते.

मांजराकडे सरकारी वैद्यकाची दृष्टी प्रथम वळली ती प्लेगाच्या भयाने. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या त्या साथीने महाराष्ट्राची केलेली दैना सर्वश्रुत आहे. उंदीर व त्याच्या पिसवा हे साथीचे वाहन होय असे निश्चित झाल्यावर, वैद्यकसेवेतील अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ साली अमरावतीकडील अनुभवावरून असे मांडले की, ज्या गावांत मांजरे पुष्कळ, त्या गावांत प्लेग कमी. कौटिल्याचीच ही युक्ती दोन सहस्र वर्षांनी इंग्रजी नियतकालिकात अवतरली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु येथेही मांजराचे महत्त्व त्याच्या नखांपुरते होते. ते उंदीर मारते म्हणून हवे; त्याचा पाय मोडून ते उंदीर मारीनासे झाले, तर दुसरे आणावे, हा हिशेब कायम होता.

इकडे मनुष्याच्या शल्यविद्येत एकामागून एक क्रांती घडत होती. १८४६ साली ईथर व १८४७ साली क्लोरोफॉर्म यांनी वेदना जिंकली. १८६५ साली ग्लासगो येथे लिस्टर याने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायाचा उघडा अस्थिभंग कार्बोलिक आम्लाच्या पट्ट्यांनी न सडता बरा केला. १८९५ साली राँटगेन याच्या किरणांनी न कापता हाड दिसू लागले. ही सर्व दाने मांजरापर्यंत पोचण्यास अवकाश लागला, याचे कारण केवळ उपेक्षा नव्हते. मांजराच्या यकृतात काही रासायनिक शक्ती उणी असते. त्यामुळे जे द्रव्य मनुष्य सहज पचवितो, ते मांजरास विष होते. ज्या कार्बोलिकने मनुष्याच्या अस्थिशल्याचे दार उघडले, तेच कार्बोलिक मांजराने अंगावरून चाटले अथवा कातडीतून शोषले, तर त्याचा जीव घेते. आज घरोघर असणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरास प्राणघातक ठरू शकते. १९६२ साली प्रथम तयार झालेल्या केटामाइनसारखी औषधे आली व मांजराच्या शरीरधर्माचा स्वतंत्र अभ्यास झाला, तेव्हा कोठे त्यास निर्धास्तपणे झोपविणे सुकर झाले.

दुसरा प्रश्न विश्रांती आणि हालचाल यांचा. एकोणिसाव्या शतकात ह्या प्रश्नावर दोन पक्ष होते. हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेला वेल्श शल्यवैद्य ह्यू ओवेन थॉमस हा दीर्घ व अखंड विश्रांतीचा पुरस्कर्ता. त्याच्या नावाच्या लोखंडी चौकटीने पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले, आणि तिचीच एक आवृत्ती पुढे कुत्र्यामांजरांसाठी वापरली गेली. उलट पक्षी फ्रान्समधील ल्यूका-शाँपियोनियेर याचे म्हणणे असे की, सांधा फार दिवस बांधून ठेवणे हाच एक आजार होय. मांजराच्या बाबतीत ह्या वादाचा निकाल मांजरानेच लावला, असे म्हटले तरी चालेल. एक तर पट्टी अंगावर ठेवून घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हे. दुसरे असे की, बांधणी टिकावयाची तर मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे तिच्यात यावे लागतात. दंडाचे हाड मोडले असता वरचा सांधा म्हणजे खांदा, आणि तो ह्या सैल कातडीच्या प्राण्यात बांधता येत नाही. तिसरे, बांधलेले कोपर काही आठवड्यांत आखडते, स्नायू वाळतात, आणि हाड जुळूनही पाय कामातून जातो.

म्हणून आतून अथवा बाहेरून धातूचा आधार देण्याच्या युक्त्या निघाल्या. अमेरिकेतील ओटो स्टेडर ह्या पशुवैद्याने १९३० नंतरच्या दशकात हाडात सळ्या रोवून त्या बाहेरच्या दांड्यास जोडण्याचे साधन कुत्र्यांसाठी बनविले; ते इतके उपयुक्त ठरले की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराने ते आपल्या खलाशांसाठी उचलले. पशूकडून मनुष्याकडे विद्या वाहिल्याचे हे एक सुंदर उदाहरण आहे. जर्मनीत क्यून्चर याने १९३९ साली हाडाच्या पोकळीत खिळा घालण्याची रीत सुरू केली. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यज्ञांनी एक मंडळ स्थापून चार सूत्रे घालून दिली: हाड अचूक जुळवावे, घट्ट बसवावे, त्याचा रक्तपुरवठा जपावा, आणि सांधा लवकर चालता करावा. १९६९ साली ह्याच मंडळाची पशुवैद्यक शाखा निघाली. ताणणे, दाबणे, बांधणे आणि मातीचा गोळा धरविणे ह्या सुश्रुताच्या क्रमाशी ह्या सूत्रांचे साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. परंतु त्यावरून सर्व काही आमच्याकडे होतेच अशी फुशारकी मारणे अनाठायी होय. सुश्रुताजवळ निरीक्षण होते. निर्जंतुक पोलाद, किरणचित्र आणि निर्धास्त भूल ही नव्हती. आणि आम्ही त्याच्या वंशजांनी ते निरीक्षण मांजराच्या पायापर्यंत कधी नेले नाही.

आज मांजराच्या कोपराखालची दोन्ही हाडे मोडली असता, केवळ एक बसविण्यापेक्षा दोन्ही बसविण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल आहे. कारण कुत्र्याच्या मानाने मांजराची अल्ना जाड व कामाची असते. त्याबरोबर एक धोकाही सांभाळावा लागतो. दोन हाडांच्या मध्ये नव्या अस्थीचा पूल झाला, तर पाय सरळ दिसतो, भार घेतो, पण पंजा वळत नाही. अशा मांजरास चालता येते. तोंड पुसणे, झाड चढणे व शिकार धरणे मात्र अवघड होते. पाय वाचला, पण हात गेला, असे त्याचे वर्णन करावे लागेल. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मांजरास लहान जागेत कोंडून ठेवणे, उड्या मारू न देणे, आणि वैद्याच्या सांगण्याप्रमाणे सांधा हळूहळू मिटविणे व उघडणे, हा उपचाराचाच अर्धा भाग मानला जातो. न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा वृत्तान्त १९८७ साली प्रसिद्ध झाला, त्यात उपचार मिळालेल्यांपैकी दहांतील नऊ वाचली असे दिसून आले. मांजर आपोआप वाचते ही लोकसमजूत त्यावरून खरी ठरत नाही. उपचार मिळाला म्हणजे वाचते, इतकेच ठरते.

ह्या विद्येची एक काळी बाजूही सांगणे प्राप्त आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत, घरातील गाद्यागिरद्या फाटू नयेत म्हणून, मांजराच्या पुढच्या पंजांची नखे कायमची काढण्याची चाल पडली. नाव नखांचे, प्रत्यक्षात प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. १९८७ च्या युरोपीय करारनाम्याने अशी शस्त्रक्रिया निषिद्ध मानली. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली तीस कायद्याने बंदी केली. मोडलेला पंजा सांधणारे आणि धडधाकट पंजा तोडणारे हत्यार एकच असते. ते कोणाच्या हितासाठी चालते, एवढ्यावरूनच त्या हत्याराची प्रतिष्ठा ठरते.

आता आमच्या रत्नागिरीकडे वळू. १९७२ साली ह्या जिल्ह्यातील दापोलीस कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाले, आणि परळचे पशुवैद्यक महाविद्यालय २००० साली नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे जाईपर्यंत त्याच्या छत्राखाली होते. म्हणजे मुंबईत मांजरांच्या हाडांवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीवर पुष्कळ वर्षे दापोलीचे नाव असे. पण नाव येथे आणि हत्यारे दूर मुंबईत, अशी स्थिती राहिली. मुंबईत २०२४ साली महालक्ष्मीस लहान प्राण्यांचे नवे मोठे रुग्णालयही झाले. तालुक्याच्या गावी मात्र जे सरकारी ठिकाण असते, त्यास लोक आजही ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात, आणि ह्या नावात सारा इतिहास साठविला आहे. गुरे म्हणजे दावणीची धनसंपत्ती. मांजर दावणीस नाही, दूध देत नाही, नांगर ओढीत नाही. ते चुलीपाशी झोपते, माळ्यावरच्या भाताची राखण करते, आणि रस्त्यावर गाडीखाली पाय चेंगरला म्हणजे वळचणीस जाऊन पडते. ‘मांजर आहे, होईल आपोआप बरे,’ असे म्हणून घरातील वडील मंडळी मुलांची समजूत घालतात. हाड पुष्कळदा जुळतेही, वाकडे जुळते. तीन पायांवर लंगडत जाणाऱ्या मांजराकडे पाहून कोणासही आपण काही चुकविले असे वाटत नाही.

खर्च हा प्रश्न खरा आहे, व ज्या घरात माणसाच्याच शस्त्रक्रियेस कर्ज काढावे लागते, त्या घरास उपदेश करण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु ज्ञानास खर्च लागत नाही. मोडक्या पायास काठी बांधून आवळू नये. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये. मांजरास खोक्यात वा पाटीत निवांत ठेवून, शक्य तितक्या लवकर पशुवैद्यास दाखवावे. आणि पाय सुटल्यावर तो पुन्हा वळेल, मिटेल, उघडेल याची काळजी घ्यावी. इतके जरी आमच्या सुशिक्षित कुटुंबांनी मनावर घेतले, तरी त्या रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या प्राण्याची दोन पावले पुढे पडतील. बारा पणांचा दंड ठरविणाऱ्याने मांजरास हात लावू नका म्हणून सांगितले. तो मोडलेला हात त्याचा त्यास परत द्या, असे सांगण्याची पाळी आता आपली आहे.